खालचं पाणी चालतं आहे

मयूर विहार, दिल्ली
१२ जून २०२३

चि. क्षिप्रा,

आशीर्वाद नेहमीचेच आहेत. या खेपेला सोबत एक बाटली पाणीही पाठवते आहे. पिऊ नकोस. उजेडात धर. लिंबाच्या सरबताचा रंग दिसेल. त्यात लिंबू नाही.

तुझे अशोककाका रोज मेट्रोने गुरुग्रामला येतात, म्हणून आपलं टपालखातं त्यांच्याकडे सोपवलं आहे. तपासणीवाले बाटली दिसली की एक घोट पिऊन दाखवायला लावतात. तसं झालं तर 'गोमूत्र आहे' म्हणून सांगा, असं काकांना बजावलं आहे. त्यानंतर कोणी आग्रह करत नाही.

आता कामाचं. आपल्या मराठी मंडळाने साहिबाबादच्या पलीकडे जागा घेतली, हे तू माझ्या तोंडून कंटाळा येईपर्यंत ऐकलं आहेस. करोल बागेच्या आसपास कपाटाएवढ्या खोल्यांमध्ये राहून परीक्षांची तयारी करणारी आपली गावाकडची मुलं तूही पाहिली आहेस. त्यांच्यासाठी वसतिगृह बांधायचं, हा माझा हट्ट. मी चिटणीस झाले ती त्यासाठीच, नाहीतर हळदीकुंकवाच्या सूचना टाइप करायची मला हौस नाही. जागा स्वस्तात मिळाली. ती स्वस्त का आहे, हे विचारायला संस्कृत व्याकरणाच्या पदवीत शिकवत नाहीत. पूर्वी तिथे नळांना आणि सायकलींच्या हँडलांना चकाकी देणारा एक कारखाना होता. तो कधीच बंद पडला, मालकाचा पत्ता नाही. बांधकामासाठी बोअर मारली आणि हे पाणी वर आलं.

आमचे अध्यक्ष अंबादासराव म्हणतात, गंधक असणार, त्वचेला उत्तम. ते स्वतः बाटलीबंद पाणी पितात. एक बिल्डर जागा आहे तशी घ्यायला तयार आहे, आणि पाण्याचा विषय न काढता ती देऊन टाकावी, असं अंबादासरावांचं मत. दिवाळीनंतरच्या सर्वसाधारण सभेत त्यावर मतदान आहे. जागा गेली तर वसतिगृह गेलं. माझ्या हयातीत पुन्हा जागा घेणं व्हायचं नाही.

जमिनीची आणि जमिनीखालच्या पाण्याची नाडी बघायचा तुझा व्यवसाय. येऊन बघशील? अट एकच. जे सापडेल ते मला मराठीत, पत्रात लिहायचं. समितीतल्या ज्येष्ठांना मी वाचून दाखवीन. तुझं मराठी दिल्लीच्या हवेने जरा पातळ झालं आहे, पण मी तुझी सख्खी मावशी आहे, चालवून घेईन.

तुझी,
विनयामावशी

* * *

गुरुग्राम
२६ जून २०२३

प्रिय मावशी,

तुझी बाटली लोणच्याची होती. झाकणाला मोहरीची डाळ चिकटली होती. असं सॅम्पल मी लॅबला दिलं असतं तर माझ्या बॉसने, धीरज सरांनी, मला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. आणि काकांना असलं पाणी घेऊन मेट्रोत परत कधी पाठवू नकोस, प्लीज. ते सीरियस आहे.

मी साइटवर जाऊन आले. गंधक बिल्कुल नाही. ते क्रोमियम आहे. चकाकी त्याचीच देतात. कारखान्याच्या टाक्या वर्षानुवर्षं गळत राहिल्या, माती भिजली, आणि मातीतून ते खालच्या पाण्यात उतरलं. पिण्याच्या पाण्यात जेवढं चालतं त्याच्या कितीतरी पट आहे.

समजायला सोपं करून लिहिते. क्रोमियमचे दोन प्रकार असतात, आम्ही त्यांना क्रोम-सहा आणि क्रोम-तीन म्हणतो. क्रोम-सहा पिवळं, विषारी आणि पळपुटं. पाण्यात विरघळतं आणि पाणी जाईल तिकडे जातं. क्रोम-तीन मातीला चिकटून गप्प बसतं. तुमच्याकडे सगळं सहा आहे.

आणि आता मुख्य गोष्ट, ही समितीला नक्की वाचून दाखव. तुम्हाला वाटतं जमिनीखालचं पाणी डबक्यासारखं थांबलेलं असतं. तसं नसतं. खालचं पाणी चालतं आहे. हळूहळू, पण सतत, आग्नेयेकडे. त्या दिशेला गल्लीच्या कोपऱ्यावर एक हँडपंप आहे, जिथे अख्खी गल्ली पाणी भरते. मी तिथलंही सॅम्पल घेतलं. थोडं, पण मर्यादेच्या वर आहे. म्हणजे पोचायला लागलंय. आधी तो बंद करायला हवा.

मी पुढच्या आठवड्यात पाच मॉनिटरिंग वेल बसवते. वेल म्हणजे विहीर नव्हे, जमिनीत उतरवलेला पाइप, हाताच्या पंजाएवढ्या तोंडाचा. त्यातून ठरावीक काळाने पाणी काढून तपासायचं. सगळ्यांना टोप्या आणि कुलपं असतील. किल्ली तुझ्याकडे. कुणालाही, अध्यक्षांनाही, हात लावू द्यायचा नाही.

सर म्हणतात, ही केस अवघड आहे, पाणी उपसून शुद्ध करत बसायचं तर वर्षानुवर्षं जातील, क्लायंट विकून मोकळा होईल. मी म्हटलं, क्लायंट माझी मावशी आहे.

क्षिप्रा

* * *

मयूर विहार
३० ऑगस्ट २०२३

चि. क्षिप्रा,

तुझं पत्र समितीत वाचलं. 'पळपुटं' या शब्दावर अंबादासराव उगीचच माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, पावसाळ्यात धुऊन जाईल. मी विचारलं, धुऊन कुठे जाईल? त्यावर त्यांनी चहा मागवला.

हँडपंप लाल रंगवला. तू सांगितलेल्या सरकारी पद्धतीत लाल म्हणजे 'पिऊ नये', पण गल्लीत त्याचा अर्थ वेगळा निघाला. कोपऱ्यावर चंद्रप्रभा नावाच्या बाई शिवणकाम करतात. गल्लीचं पंचायत कार्यालय म्हणजे त्यांचं शिलाई मशीन. त्या थेट माझ्यावर चालून आल्या. महाराष्ट्राच्या साहेबलोकांना पंपाची जागा फाटकासाठी हवी आहे, म्हणून हे रंगाचं नाटक, असं गल्लीने ठरवलं होतं. मी त्यांना तुझे आकडे दाखवले. आकडे तर कुणीही लिहील, म्हणाल्या. शेवटी मी त्याच पंपाचं पाणी पांढऱ्या परातीत ओतलं आणि शेजारी आमच्या बोअरचं. पंपाच्या पाण्याला अगदी पुसटसा पिवळेपणा होता. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग मशीनकडे गेल्या. दुसऱ्या दिवसापासून पिण्याच्या पाण्याच्या टँकरपुढच्या रांगेची शिस्त त्याच लावतात. प्रदूषण मंडळाला पत्र गेलं आहे. एका मंडळाने दुसऱ्या मंडळाला लिहिलेलं, त्यामुळे उत्तर सावकाश येईल.

श्रावणातला सत्यनारायण यंदा समितीच्या आग्रहाने जागेवरच केला. गुरुजी आयत्या वेळी आले नाहीत, तेव्हा पोथी माझ्याकडे आली. पुण्यात स्त्रिया पौरोहित्य करू लागून किती वर्षं झाली, तरी साहिबाबादेत समितीतले दोन काका अजून बिचकले. सगळं यथासांग पार पडलं, विसर्जनासकट.

तुझ्या नळ्या जागेवर आहेत. किल्ली माझ्या मंगळसूत्राशेजारी.

विनयामावशी

* * *

गुरुग्राम
३ ऑक्टोबर २०२३

मावशी,

हे पत्र समितीत वाचू नकोस.

दुसऱ्या राउंडचे रिझल्ट आले. चार वेल जुलैसारख्याच. पण वेल तीन, जी टाक्यांच्या अगदी पायथ्याशी आहे, जुलैत सगळ्यात वाईट होती, तिच्यात क्रोम-सहा जवळजवळ नाही. मला वाटलं बाटल्या अदलाबदल झाल्या. परत गेले, परत पाणी काढलं. तेच. पाणी पिवळं नाही, गढूळ आहे, आणि त्याला आंबलेल्या ताकासारखा वास येतो. वर काहीतरी तेलकट तरंगत होतं.

सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, सॅम्पलिंग तू स्वतः केलंस की ड्रायव्हरने? माझा अख्खा रिपोर्ट आता कुणी खरा धरत नाहीये. एक आकडा असा वेडा निघाला की बाकीच्या चारांवरही कुणी विश्वास ठेवत नाही. आणि तुमच्या सभेत अध्यक्ष हेच म्हणणार ना, बघा, पावसात धुऊन गेलं, उगीच घाबरवलं. मग विका आणि सुटा. पंपाकडे जाणारं पाणी मात्र जातच राहील.

मला वाटतंय, कोणीतरी मुद्दाम वेलमध्ये काहीतरी ओतलंय. बिल्डरचा माणूस असेल. पण कुलूप तोडलेलं नाही. किल्ली तर तुझ्याकडे आहे. कुणाला दिली होतीस का? खरं सांग, मी रागावणार नाही.

क्षिप्रा

* * *

मयूर विहार
५ ऑक्टोबर २०२३

चि. क्षिप्रा,

तू रागावणार आहेस, तेव्हा ते आधीच गृहीत धरून लिहिते.

किल्ली कुणाला दिली नव्हती. कुलूप मीच उघडलं.

सत्यनारायणाच्या पूजेला मंडळात पंचामृत कोणी आणायचं, हे ठरलेलं नसतं. त्यामुळे सगळेच आणतात. दूध, दही, तूप, मध, साखर. पण कोल्हापूरकर साखरेऐवजी गूळ घालतात, नागपूरकरांना ते पटत नाही, आणि अंबादासरावांनी तर पितळी घंगाळच भरून आणलं. पूजा संपली तेव्हा दोन बादल्या शिल्लक. देवाच्या अंगावरून आलेलं; गटारात ओतायचं नाही. वाहत्या पाण्यात सोडायचं, ही रीत. यमुना जवळ, पण ती वाहते की नाही यावर मतभेद आहेत, शिवाय तिथे निर्माल्य टाकलं तर दंड. सगळे पुरोहिताकडे बघू लागले. पुरोहित मी.

तेव्हा मला तुझं पत्र आठवलं. स्वच्छ अक्षरात लिहिलं होतंस: खालचं पाणी चालतं आहे. हळूहळू, पण सतत. मी सगळ्यांना ते वाक्य ऐकवलं. चालतं म्हणजे वाहतं. आणि जागेवर वाहत्या पाण्यापर्यंत उतरलेल्या पाच नळ्या. टाक्यांजवळची सोयीची होती. टोपी काढली, विसर्जनाचे मंत्र म्हटले आणि दोन्ही बादल्या फनेलने आत सोडल्या. तुझ्याच शब्दाला प्रमाण मानून.

त्या क्षणी मला आपल्या तर्कशुद्धतेचं कौतुक वाटलं होतं. सगळ्यांनी नमस्कार केला. तेलकट जे तरंगत होतं ते तूप. देशी आहे.

तुझ्या सरांना मी स्वतः पत्र लिहीन. चूक तुझ्या सॅम्पलमध्ये नव्हती, मावशीत होती. सभेतही हेच सांगेन, मग ते जागा विकोत. तुझ्या नावाला मात्र बट्टा लागू देणार नाही.

विनयामावशी

* * *

गुरुग्राम
७ ऑक्टोबर २०२३

मावशी, मावशी, मावशी,

सरांना पत्र लिहू नकोस. कुणाला काही सांगू नकोस. आधी हे वाच.

पहिला अर्धा तास मी खरंच चिडले. मॉनिटरिंग वेलमध्ये काही ओतणं म्हणजे आमच्या कामात महापाप, तुझ्या भाषेत सांगायचं तर. मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसले आणि तुझं पत्र परत वाचलं. आणि मग हसायलाच लागले, यार.

मातीत असे बॅक्टेरिया असतात जे क्रोम-सहाचं क्रोम-तीन करतात. पण उपाशी असले तर काही करत नाहीत. त्यांना गोड खायला दिलं की ते वाढतात, पाण्यातला ऑक्सिजन संपवतात, आणि मग त्या पिवळ्या विषाचं मातीला चिकटणारं, गप्प बसणारं क्रोम होतं. जगात बऱ्याच ठिकाणी यासाठी मळी वापरतात, साखर कारखान्यात साखर काढून झाल्यावर जो काळा पाक उरतो ती. मी माझ्या प्लॅनमध्ये हे लिहिलं होतं. सरांनी खोडलं. म्हणाले, या रेतीत असे बॅक्टेरिया आहेत याचा पुरावा काय? ट्रायल करायला वेळ आणि लॅब लागते, क्लायंटकडे दोन्ही नाही.

तू ट्रायल केलीस. दूध, मध, गूळ, सगळं एकदम, मापाशिवाय, तुपासकट. आणि ती चालली. तू माझी वेल खराब केलीस आणि त्याच वेलमधून मला पुरावा काढून दिलास.

पण हे असं कुणी मानणार नाही, आणि मानूही नये. नीट करून दाखवायला हवं, सभेच्या आत. मी आज सरांशी बोलले. त्यांनी वेल तीनचे आकडे परत पाहिले. मग म्हणाले, मावशींना विचार, दुसऱ्या वेलमध्ये करतील का? म्हणजे परवानगी मिळाली, आणि मंडळाला, तुमच्या नव्हे, प्रदूषणवाल्या, कळवून मगच करू.

वेल पाच पंपाच्या वाटेवर आहे. तिच्यात मोजून फक्त गुळाचं पाणी घालायचं. दूध नाही, तूप तर अजिबात नाही. वेल दोनमध्ये काहीच नाही, म्हणजे तुलना करता येईल. आणि मावशी, एक महत्त्वाचं: या वेळी मंत्र म्हणायचे नाहीत. नाहीतर मला कळणारच नाही की कशामुळे झालं, आणि तुमच्या समितीला नक्की कळेल.

क्षिप्रा

* * *

मयूर विहार
२७ नोव्हेंबर २०२३

चि. क्षिप्रा,

आकडे शुक्रवारी काकांच्या हाती पोचले, सभा काल झाली, आणि आज माझा आवाज बसला आहे, म्हणून लिहिणं बरं.

गूळ ओतताना मी तोंड घट्ट मिटून उभी होते, याला तुझा ड्रायव्हर साक्षी आहे. आयुष्यात इतका वेळ मंत्रांशिवाय मी कुठल्याही कलशासमोर उभी राहिले नव्हते.

सभेला हॉल भरला. अंबादासरावांनी बिल्डरचा प्रस्ताव मांडला. चांगलं बोलतात ते, आवाजात कळकळ असते. म्हणाले, आपण शिक्षणासाठी जमलेली माणसं, विष उपसणं आपलं काम नाही. पुष्कळ माना हलल्या. मग मी तीन परीक्षानळ्या टेबलावर ठेवल्या. वेल दोन, काही न घातलेली: पिवळी. वेल पाच, ऑक्टोबरची: पिवळी. वेल पाच, नोव्हेंबरची: पाण्यासारखं पाणी. तुझं पत्र वाचलं, बॅक्टेरियांच्या भुकेसकट. मागून कुणीतरी विचारलं, हे पूजेमुळे झालं ना? मी सांगितलं की पहिल्या वेळी मंत्र होते आणि दुसऱ्या वेळी नव्हते, फरक दोन्हीकडे पडला, तेव्हा श्रेय गुळाचं. दोन काकांचा चेहरा पडला. मी म्हटलं, देवाला बॅक्टेरियांकडून काम करून घेता येत नाही, असं कुठल्या शास्त्रात लिहिलं आहे? ते खुलले. कुठल्याही पुराणात क्रोमियमचा उल्लेख मी शोधून काढू नये, हा तुझा निरोप मात्र पाळला आहे.

तरी मतं जुळेनात. विकलं तर आज सुटतो, साफ करायचं तर वर्ष-दोन वर्षं, असा सूर होता. तेवढ्यात दारातून चंद्रप्रभाजी आत आल्या. सभासद नव्हेत, पण त्यांना अडवायची कुणाची छाती नव्हती. अध्यक्षांसमोर उभ्या राहून त्या म्हणाल्या, "ज़मीन तो आप बेच दोगे भाईसाहब. नीचे का पानी किसको बेचोगे?"

अंबादासरावांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग परीक्षानळी उचलून त्यांनी मला विचारलं, तुमची भाची म्हणते ती मळी म्हणजे आपली कारखान्याची मळी का? तुला माहीत नसेल, त्यांची सारी नोकरी सहकारी साखरेच्या दिल्ली कचेरीत गेली. मी हो म्हटलं. ते म्हणाले, चाळीस वर्षं मी त्या मळीचं काय करायचं यावर बैठका घेतल्या, आणि हे कुणी सांगितलं नाही. मग स्वतःच प्रस्ताव मागे घेतला. विरोधात एकही हात नाही.

आपण जिंकलो, पोरी. सरांना माझा नमस्कार सांग आणि विचार, सॅम्पलिंग ड्रायव्हरने केलं होतं का.

विनयामावशी

* * *

गुरुग्राम
१८ सप्टेंबर २०२४

प्रिय मावशी,

मी गेला महिनाभर तुझे फोन उचलले नाहीत. तुला कारण माहीत आहे, तरी लिहिते.

टाक्यांखालची माती खणून, बंद पिशव्यांतून धोकादायक कचऱ्याच्या जागी गेली. पंपाच्या अलीकडे जमिनीत मळी सोडणाऱ्या इंजेक्शन वेलची रांग झाली, मळीचे टँकर अंबादासकाका सुरळीत आणतायत. क्रोम-सहा खाली आलं. इथपर्यंत सगळं चांगलं. पण पंपाजवळचं पाणी काळपट झालं आणि त्याला घाण वास यायला लागला. बॅक्टेरियांना आम्ही जरा जास्तच जेवू घातलं, आणि त्यांनी मातीतलं लोह आणि मँगनीजही सोडवून पाण्यात आणलं. असं होतं, आणि थांबतं. पुढे गेलं की पाण्यात परत ऑक्सिजन मिसळतो आणि हे बसतं. मला पुस्तकातून माहीत आहे. पण शनिवारी गल्लीत उभी होते तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते. आधी पिवळं होतं, दीदीने काळं केलं, असं कुणीतरी म्हणालं. मी सॅम्पलच्या बाटल्या उचलून निघून आले.

मळी निम्मी केली आहे. आता फक्त थांबायचं आहे. थांबायला मला कधी जमलं नाही.

क्षिप्रा

* * *

मयूर विहार
२१ सप्टेंबर २०२४

चि. क्षिप्रा,

गल्लीत असं म्हणणाऱ्या माणसाला चंद्रप्रभाजींनी काय उत्तर दिलं, ते तू निघून गेल्यावरचं आहे, म्हणून कळवते. त्या म्हणाल्या, पिवळं वर्षानुवर्षं झालं तेव्हा कुणी सांगायला आलं नाही. काळं झालं तर ही पोरगी स्वतः सांगायला आली. मशीनवरून मान वर न करता म्हणाल्या. माणूस घरी गेला.

त्यांनी विचारलं आहे की बॅक्टेरियांचा उपास किती दिवस. मी म्हटलं, कळवते.

मी पहिल्या वर्षाच्या मुलांना संधी शिकवते तेव्हा दिवाळीपर्यंत त्यांचं होतं नव्हतं तेही संस्कृत नाहीसं होतं. दरवर्षी मला वाटतं, मी बिघडवलं. संक्रांतीच्या सुमाराला ते परत येतं. पाण्याचं मला कळत नाही, पण थांबण्याचं कळतं. फोन उचलत जा.

विनयामावशी

* * *

मयूर विहार
३१ मार्च २०२५

चि. क्षिप्रा,

नेमकी पाडव्याच्या दिवशी तू पानिपतच्या नव्या साइटवर अडकलीस. धीरज सर आले होते. 'हे काम क्षिप्राने एकटीने उभं केलं,' असं ते माइकवरून म्हणाले. माइक त्यांच्या हातात मी दिला होता, पण वाक्य त्यांचं.

तुझा कागद चंद्रप्रभाजींनी गल्लीत वाचून दाखवला: लागोपाठच्या सगळ्या तपासण्यांत क्रोमियम मर्यादेच्या आत, लोह-मँगनीज आत, जंतू नाहीत, पाणी पिण्यायोग्य. मग प्रदूषण मंडळाचा शिक्का वाचला. मग तारीख वाचली. मग परत पहिल्यापासून वाचला, कारण काही बायका उशिरा आल्या होत्या. पंपाचा लाल रंग खरवडायला मात्र गल्लीने कुणाला हात लावू दिला नाही. ते काम त्यांनीच केलं. निळा रंग लावला आहे, जरा भडक. पहिली बादली कुणी भरायची यावर भांडण झालं आणि ते चंद्रप्रभाजींनी स्वतः पंप हापसून मिटवलं.

मग आमचं भूमिपूजन. वसतिगृहाच्या पायाची आखणी झाली आहे. तळमजल्यावर अभ्यासिका, अंबादासराव म्हणतात खिडक्या मोठ्या हव्यात. मी पूजेला बसले. गंगाजलाच्या सीलबंद बाटल्या आणल्या होत्या कुणी कुणी, पण मी कलश पंपावर पाठवला. तो भरून आला. त्यात सात नद्यांना बोलावतात, तसं बोलावलं. सात नावं झाल्यावर आठवं मी ओठातल्या ओठात घेतलं: मॉनिटरिंग वेल क्रमांक तीन. कुणाला ऐकू गेलं नसावं. शेजारी तुझे काका होते. त्यांना ठसका लागला.

पूजा संपली आणि पुन्हा तोच प्रश्न. पंचामृत, यंदाही सगळ्यांनीच आणलेलं; कोल्हापूरकरांचा गूळ, अंबादासरावांचं घंगाळ. सगळी मंडळी पुरोहिताकडे बघायला लागली, आणि दोघे-तिघे चक्क तुझ्या नळ्यांकडे. मी सांगितलं, क्षिप्राची सक्त ताकीद आहे, नळ्यांत थेंब जायचा नाही. मग काय करायचं, हे मला ठरवावंच लागलं नाही. चंद्रप्रभाजी पेले घेऊन आल्या, मागून गल्ली आली, आमचे सभासद आले, जे दोन वर्षांपूर्वी या लोकांशी एक शब्द बोलले नव्हते तेही रांगेत होते. विसर्जनाला काही उरलंच नाही.

काकांच्या हाती टपालाबरोबर एक बाटली पाठवते आहे. या खेपेला लोणच्याची नाही. नवी आणली, तुझ्या नियमाप्रमाणे तीनदा विसळली, पंपाखाली धरून भरली. उजेडात धर, बघ, आणि मग पी.

मेट्रोत तपासणीवाल्यांनी घोट घेऊन दाखवायला सांगितलं तर काय करायचं, असं काकांनी सकाळी विचारलं. मी म्हटलं, प्या.

तुझी,
विनयामावशी